चिंचोका शिवणारी बाई

आधी मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायला तुम्ही मोकळ्या. डाव्या छातीत गाठ लागली तेव्हा मी डॉक्टरकडे गेले नाही. कुणीतरी सांगितलेल्या एका बाबाकडून हिरवा लेप आणला आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणापासून संक्रांतीपर्यंत रोज आंघोळीनंतर तो लावून, वर जुन्या धोतराची पट्टी बांधून, घरभर हिंडले. लेपाला हिंग, लसूण आणि सडका पाला यांचा मिळून एक वास होता. तो वास औषधाचा आहे आणि औषध म्हटलं की गुण येणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. विशेष हे की माझी जन्माची मैत्रीण इंदू डॉक्टर होती. आमच्या भागात माणसाचं पोट उघडून पुन्हा नीट शिवणारी ती पहिली बाई. म्हातारपणी ती गावोगाव जाऊन बायकांना छातीतली गाठ कशी ओळखायची ते शिकवायची, आणि तिच्या शेजारी उभं राहून त्या बायकांना हसवायचं काम माझं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. माझी तर गाठही काखेजवळच होती.

इंदू आता नाही. मी आहे. डोक्यावर नुकते केस उगवलेत, लहान पोराच्या जावळासारखे. माझ्यासारखी लपवाछपवी करणारी एखादी हे वाचेल म्हणून लिहिते आहे. आणि दुसरं एक सांगायचं आहे, ते लेपापेक्षा वाईट आहे. ते ओघात येईल.

ब्लाउजपीसचा दवाखाना

इंदू जळगावातल्या कापडवाल्यांच्या घरची. तिचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. मी रावेरकडच्या केळीवाल्याची पोर, मामाकडे शिकायला ठेवलेली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती गणितं सोडवायची, मी ती उतरवून घ्यायची. मैत्री अशी जमली.

ती मेडिकलला निघाली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, “इंदू, बाईच्या हातात सुरी कांद्यापुरतीच शोभते.” हे मी कानात मोठे झुमके घालून, फार जग पाहिल्यासारखी बोलले होते. तोवर मी जळगाव आणि रावेर एवढंच जग पाहिलं होतं, तेही एसटीच्या खिडकीतून. त्या विमलची, म्हणजे तेव्हाच्या माझीच, आज गाठ पडली तर ते झुमके ओढून काढीन.

शिकून आल्यावर वडिलांनी तिला दुकानामागचं गोदाम रिकामं करून दिलं. पाटीवर तिच्या नावाखाली ‘शस्त्रक्रिया’ असं लिहिलं होतं. लोक पाटी वाचून आत यायचे आणि तिला बघून विचारायचे, साहेब कधी येतील? बाळंतपणाला बाई चालेल, पण अपेंडिक्सला बाई म्हणजे काय? माझ्या नवऱ्याचं हर्नियाचं दुखणं निघालं तेव्हा मीसुद्धा त्याला घेऊन भुसावळला दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. परत आल्यावर तिने टाके बघितले, छान घातलेत म्हणाली, आणि मला चहा पाजला.

बायका मात्र पहिल्यापासून आल्या. दुकानातून आल्या. ब्लाउजपीस घ्यायचं म्हणून घरून निघायचं, कापडाच्या ठाणांमधून मागच्या दाराने दवाखान्यात जायचं, आणि घरी जाताना हातात खरंच एक ब्लाउजपीस न्यायचं. कित्येक घरांतल्या पुरुषांना आपल्या बायकोचं ऑपरेशन झालंय हे नंतर कळलं, पण ब्लाउजपीस मॅचिंग नाही हे आधी कळलं. इंदूचे वडील म्हणायचे, पोरगी डॉक्टर झाल्यापासून धंद्याला बरकत आली.

म्हणजे आजार लपवायची बायकांची खोड तिला पुरती ठाऊक होती. त्या खोडीसाठी तिने मागचं दार उघडं ठेवलं होतं. मला तर पुढचं दारही उघडं होतं.

डोळे मिटा

हात जरासा थरथरायला लागला तशी इंदूने सुरी खाली ठेवली. कुणी सांगायची वाट पाहिली नाही. मग तिने एक जुनी जीप घेतली आणि आमच्या फेऱ्या सुरू झाल्या, कधी रावेरकडे, कधी धुळ्याच्या बाजूला पार सोनगीरपर्यंत. लग्न तिने केलं नव्हतं, माझे यजमान गेलेले. दोघींनाही घरी कुणी वाट बघत बसणारं नव्हतं.

शिकवण्यासाठी मी गाद्या शिवल्या. जुन्या मऊ लुगड्याच्या, तळहाताएवढ्या, आत पिंजलेला कापूस. काहींमध्ये खोल कुठेतरी एक चिंचोका घातलेला. बायकांनी गादी मांडीवर घ्यायची, डोळे मिटायचे आणि तीन बोटांनी गोल गोल चाचपत चिंचोका शोधायचा. इंदू सांगायची, डोळ्यांनी कळत नाही, बोटांनी कळतं. मग माझी पाळी. मी म्हणायची, नवऱ्याने लपवलेली बिडी बरोबर सापडते ना तुम्हाला, मग हा चिंचोका का नाही सापडणार? बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसल्या की बोटं सैल पडायची आणि चिंचोका सापडायचा.

परत येताना जीपमध्ये इंदू दर वेळी विचारायची, “विमल, स्वतःचं बघतेस ना?”

“रोज बघते. आरशात. अजून सुंदरच आहे.”

ती हसायची. ते उत्तर मला इतकं आवडलं होतं की गाठ लागल्यावरही मी तेच देत राहिले.

सोनगीरच्या पलीकडच्या एका गावात शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. शेवंताबाई म्हणून एक उंच, काटक बाई मागे बसली होती. इंदूने विचारलं, कुणाला काही लागलंय का? शेवंताबाईने हात वर केला आणि म्हणाली, “माले शे. पन लेप लाया शे मी. आते बरं वाटस.” इंदू पुढे व्हायच्या आत मी नाकाला पदर लावला आणि म्हटलं, या वासाने गाठ पळेल की नाही माहीत नाही, नवरा मात्र नक्की पळेल. ओटा हसून हसून लोळला. शेवंताबाई उठून निघून गेली.

जीपमध्ये इंदूने आधी गाद्या मोजून पिशवीत भरल्या. मग म्हणाली, “सगळ्या हसल्या, विमल. ती नाही हसली.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच त्या गावी गेली. शेवंताबाईच्या दारात बसून राहिली, तिने दिलेली भाकर खाल्ली आणि तिला घेऊनच धुळ्याला गेली. शेवंताबाई वाचली. मी त्या गावाला पुन्हा जायचं टाळत राहिले.

कानबाई उठू दे

श्रावणात कानबाईच्या रोटांचे, नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू निवडायला काढले होते. आंघोळ करताना हात काखेकडे गेला आणि बोटाखाली चिंचोका आला. मी इतके चिंचोके शिवलेत की ओळखायला क्षणही लागला नाही.

पहिला विचार आला तो असा: घरात कानबाई देवी बसणार, भाऊबंद जमणार, रोट संपेपर्यंत घराबाहेरचं माणूस पंगतीला चालत नाही, त्यात दवाखान्याचं कुठे काढू? कानबाई उठू दे. कानबाई उठली, तिचं विसर्जन झालं, तर गणपती आले. मग नवरात्र, मग दिवाळी. आपल्या पंचांगात सण पुष्कळ, लपायला जागाच जागा.

पण सण हे निमित्त. खरं कारण लिहिताना आजही कान गरम होतात. मला मरायची भीती होतीच, पण त्याहून हसं होण्याची भीती जास्त होती. चिंचोका शिवणाऱ्या बाईलाच चिंचोका लागला, असं गावोगाव म्हणतील. शेवंताबाईच्या ओट्यावर म्हणतील. आणि इंदू काहीच म्हणणार नाही, ते तर सगळ्यात वाईट.

म्हणून लेप. म्हणून इंदूला सांगितलं की खांदा धरलाय, जीपचे धक्के सोसत नाहीत. ती एकटी जायला लागली; फोनवर मात्र तेच विचारायची, आणि मी तेच आरशाचं उत्तर द्यायची. खांद्यासाठी तिने तेल पाठवलं, ते मी गुडघ्याला लावून संपवलं. सुनेने, मनीषाने, वासाच्या पाठी लागून फ्रीज हलवला, मेलेला उंदीर शोधला, माळा झाडला. मी तिला म्हटलं, नाल्यावरून वास येतोय, नगरपालिकेला कळवा. तिने बिचारीने खरंच कळवलं.

तिळगूळ

संक्रांतीला इंदू मनीषाच्या हळदीकुंकवाला आली. आजवर एक संक्रांत चुकवली नव्हती तिने. मी पदर चापूनचोपून घेतला होता आणि वर अत्तर ओतलं होतं. बायका बसल्या होत्या. इंदूने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि नेहमीसारखी मला जवळ घेतली.

जवळ घेतल्यावर ती क्षणभर तशीच थांबली. त्या वासाशी तिची ओळख होती. शेवंताबाईच्या दारात ती तासन्‌तास बसली होती.

बायकांसमोर तिने वाण घेतलं, दोघी-तिघींच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग मला म्हणाली, चल, तुझी नवी पैठणी दाखव. माझ्याकडे नवी पैठणी नव्हती. आतल्या खोलीत नेऊन तिने कडी लावली. पट्टी सोडली. डोळे मिटले. आणि गावातल्या बायकांना शिकवायची तसं तीन बोटांनी, गोल गोल.

तिची बोटं थंडगार होती. बाहेर बायका हसत होत्या. तिने डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते, आणि मी, निर्लज्ज, तेव्हासुद्धा म्हटलं की सापडला का चिंचोका.

“चिंचोका नाही राहिला गं,” ती म्हणाली. “लिंबू झालंय.”

मग पलंगावर बसली आणि विचारलं, “माझ्याकडे का नाही आलीस?”

तुला काय वाटेल म्हणून, असं काहीतरी पुटपुटले. ती उठली, ओल्या फडक्याने लेप पुसून काढला, काळजीने, हळूहळू, कडेच्या फोडांना धक्का न लावता. एवढं करून बाहेर जाऊन तिने बायकांना सांगितलं, विमलची पैठणी फार सुंदर आहे.

झोप

धुळ्याला इंदूच्या हाताखाली शिकलेली एक डॉक्टर होती. इंदू म्हणाली, माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे, तिथेच जायचं. मुलगा प्रशांत मुंबई म्हणत होता, पण इंदूपुढे त्याचं चाललं नाही.

दवाखान्यातले दिवस सारखेच असतात. पहाटे आया यायची, सगळ्या बायकांना मम्मी म्हणायची आणि चादर ओढायची. मग रक्त, मग चहा, मग राउंड. शेजारच्या कॉटवर केळीवाल्या शेतकऱ्याची बायको होती. तो रोज केळ्यांची फणी घेऊन यायचा आणि वॉर्डभर वाटायचा. धीराचं बोलता यायचं नाही त्याला, केळी द्यायचा आणि बायकोच्या पायथ्याशी बसून राहायचा. दुखत असताना कुणीतरी सोललेलं केळं हातात ठेवावं, यासारखं सुख नाही. असल्या बारीक सुखांवर माणूस दिवस काढतो.

ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या एका दुपारी मी गुंगीतून जागी होत होते. डोळे अजून मिटलेले होते. प्रशांतचा आवाज आला. रात्र रात्र जागून त्याचा तोल गेला होता. तो इंदूला म्हणत होता, “मावशी, आठवड्यातून दोनदा भेटायचात तुम्ही. एका जीपमध्ये बसायचात. गावोगाव लोकांच्या बायका तपासता, आणि तुम्हाला माझी आई दिसली नाही?”

आता उत्तर सोपं होतं. ती दर वेळी विचारत होती आणि तुझी आई खोटं बोलत होती. एवढंच. ते इंदूला सांगता आलं असतं. ती म्हणाली, “चुकलं माझं, प्रशांत.”

मी डोळे उघडले नाहीत.

घरात सगळ्यांना मी सांगितलं होतं की गाठ मला संक्रांतीलाच कळली. लेपाचं फक्त इंदूला माहीत होतं, आणि तिच्या त्या शिष्येला. डोळे उघडले असते तर मुलापुढे, सुनेपुढे सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मी झोपेचं सोंग घेतलं. वर श्वाससुद्धा संथ केला, नाटकात करतात तसा.

लेपापेक्षा वाईट म्हटलं होतं ते हे.

आणि त्या सबंध वेळात इंदूची बोटं माझ्या मनगटावर होती. नाडीवर. झोपलेल्या माणसाची नाडी तशी धावत नाही हे तिला कळत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. तिने हात काढला नाही.

पुढच्या केमोनंतर

मग केमो. लाल औषध शिरेतून जायचं आणि तोंडात दोन दिवस लोखंडाची चव राहायची. केस गेले. नातीने उरलेले काढून टाकले आणि डोक्याला नारिंगी रुमाल बांधला. मी आरशात बघितलं, अजून सुंदरच आहे म्हटलं, आणि नंतर न्हाणीत जाऊन रडले. जळगावची असून मला भरीत सोसेना. गल्लीत कुठेही वांगं भाजलं की उलटी. आमच्या गल्लीत वांगं कुठे भाजत नाहीत?

इंदू दर केमोला धुळ्याला यायची. तोंड आलेलं असलं की ज्वारीच्या कण्या ताकात कालवून डब्यात आणायची, गार करून. गाद्या घेऊन तिच्या फेऱ्याही चालू होत्या. म्हणायची, “तुझे विनोद मी सांगते. एकही बाई हसत नाही. लवकर बरी हो.”

प्रशांत तिच्याशी तुटक वागायचा. नातेवाइकांत एव्हाना झालं होतं, की डॉक्टरीणबाईंचं आता वय झालं, जिवलग मैत्रिणीचंच निदान हुकलं. मनीषाने मला हे हळहळत सांगितलं. मी म्हटलं, हो का. आणि मनात ठरवलं, या केमोनंतर प्रशांतला सांगायचं. मग अशक्तपणा आला. मग पुढच्या केमोनंतर. तुमच्या लक्षात येतंय ना मी काय करत होते? तेच. कानबाई उठू दे.

शेवटच्या केमोआधी, एका दुपारी, रावेरकडच्या फेरीहून परतल्यावर इंदू आपल्या खोलीत खुर्चीवर बसली आणि उठलीच नाही. हृदय थांबलं. तिच्या भावाच्या सुनेने जीपमधली पिशवी मला आणून दिली. त्यात माझ्या गाद्या होत्या. वरच्या गादीची शिवण उसवली होती, ती तिने जाड काळ्या दोऱ्याने घातली होती. टाके सरळ होते. हात थरथरतो म्हणून सुरी ठेवणाऱ्या बाईचे टाके.

सभा

शोकसभेला हॉल भरला होता. एक वयस्कर डॉक्टर प्रेमाने बोलले. म्हणाले, त्या शेवटी माणूसच होत्या, उतारवयात नजर मंदावतेच, अगदी जवळच्या मैत्रिणीचं दुखणं निसटलं याचं दुःख त्यांनी मूकपणे सोसलं. लोकांनी माना हलवल्या. काहींनी माझ्याकडे बघितलं, सहानुभूतीने. प्रशांत माझ्या शेजारी बसला होता. त्यानेही मान हलवली.

मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी उठले. माइकचा दांडा धरला. हातात पिशवी होती, ती ठेवायचं सुचलं नाही.

“इंदूची नजर मंदावली नव्हती,” मी म्हटलं. “मी पदर घट्ट घेतला होता.”

मग सगळं सांगितलं. श्रावणापासूनचं. लेपाचं, अत्तराचं, नगरपालिकेला कळवलेल्या वासाचं. ती विचारायची आणि मी आरशाचं उत्तर द्यायची, ते सांगितलं. सोनगीरकडच्या ओट्यावर एका बाईला हसले होते, आणि त्यानंतर तोच लेप स्वतःला लावला, तेही सांगितलं. आणि धुळ्याच्या दवाखान्यात मी जागी होते, हे प्रशांतकडे बघून सांगितलं. मी आयुष्यभर लोकांना हसवत आले. त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही, आणि सुचला असता तरी कोण हसलं असतं?

प्रशांतने मान खाली घातली ती वर केली नाही. सभा संपल्यावर तो इंदूच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ. माझ्याकडे आला नाही. यायला हवं होतं असं मी म्हणणार नाही.

बायका माझ्या बाजूने जाताना वाट सोडून जात होत्या. मनीषा चपला शोधत होती. मी दाराशी भिंतीला टेकून, पिशवी पोटाशी धरून उभी होते. तेवढ्यात धुळ्याकडून आलेल्या बायकांच्या घोळक्यातून एक उंच, काटक बाई माझ्यासमोर येऊन थांबली. शेवंताबाई. केस पांढरे झाले होते, पण दाट होते. तिने माझ्या नारिंगी रुमालाकडे बघितलं, मग पदराच्या डाव्या, सपाट बाजूकडे. तिचीही तीच बाजू सपाट होती. मी मान वर करू शकले नाही. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, आपल्या खांद्याला अडकवली आणि म्हणाली,

“काय व अक्का, लेपना वास बठ्ठास्ले, तुले बी, माले बी, सारखाच येस ना?”